बटनावरची चिकटपट्टी

नोव्हेंबरातला शनिवार होता, शाळा सकाळची. नरेंद्र मास्तर दुपारी जेवून आसेगावला निघाला तेव्हा त्याच्या डोक्यात साधंच काम होतं. मायच्या दारावरचा दिवा काढायचा, इंटरनेटचं डबडं काढायचं, दोन वाकळी मोटारसायकलला बांधायच्या, घराला कुलूप लावायचं आणि वाशीमला परत यायचं. तासाभराची वाट. सरितानं, त्याच्या बायकोनं, निघताना बजावलं होतं की ती संध्याकाळी बहिणीकडे, अंजूकडे जाणार आहे, घराची चावी तिच्याजवळ राहील, तेव्हा यानं परस्पर तिकडेच जेवायला यावं.

माय जाऊन सव्वा महिना झाला होता. पुण्यानुमोदन झालं, नातेवाईक आले-गेले, घर बंद झालं. पण दारावरचा दिवा मात्र रोज सात वाजता आपोआप लागायचा आणि साडेदहाला आपोआप विझायचा. कुलूप लावलेल्या घरावर असा दिवा लागतो, त्यावरून गावात कुजबुज सुरू झाली होती. मोबाइलवरून ते बंद करणं नरेंद्रला दोन मिनिटांचं काम होतं. ते त्याच्यानं झालं नव्हतं, हेही खरंच.

आता हा दिवा तिथे आला कसा, ते आधी सांगायला हवं.

केशरबाईला, म्हणजे मायला, कानानं ऐकू येणं जवळजवळ थांबलं होतं. जानराव, नरेंद्रचे वडील, गेल्यापासून ती एकटीच राहायची. फोन घेऊन दिला तर ती नुसतीच "हॅलो, हॅलो" करायची आणि वैतागून ठेवून द्यायची. कानाचं यंत्र तिनं आठ दिवस लावलं, मग डब्यात टाकलं. त्यातून म्हणे फक्त कावळे ऐकू येतात. तेव्हा नरेंद्रला ही युक्ती सुचली. त्याच्या स्वतःच्या बैठकीत मोबाइलवर चालणारा बल्ब होता, तसाच एक त्यानं मायच्या दारावर लावला. पुढच्या खोलीत, बाजेच्या वर, भिंतीवर बटन. मायनं संध्याकाळी वंदना करून बटन दाबलं की दिवा लागायचा आणि इकडे वाशीमला नरेंद्रच्या मोबाइलवर दिसायचं, की लागला. म्हणजे माय बरी आहे. आणि कधी बोलवायचंच झालं तर तिनं दिवा दोनदा विझवून लावायचा. दोनदा म्हणजे ये.

मायला हे फार आवडलं. इतकं आवडलं की तिनं त्याचा अगदी पिच्छा पुरवला. अंगणातल्या वेलीला दोडके लागले, दोनदा. पोस्टाचा कागद आला, दोनदा. सुरुवातीला नरेंद्र हसायचा, शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना मोबाइल दाखवायचा. मग हसणं कमी झालं. मार्चमध्ये परीक्षेच्या पेपरांचा ढीग समोर असताना दिवा दोनदा विझला, तेव्हा तो पेपर टाकून, भर उन्हात मोटारसायकल पळवत गेला. तर माय चुलीपाशी बसलेली. पाटोडीची भाजी केली होती, त्याला आवडते म्हणून.

त्या दिवशी तो मायवर ओरडला. तिला शब्द ऐकू आले नाहीत, पण तोंड तर दिसत होतं. तो ओरडत होता आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत ताट वाढत होती. वाढून झाल्यावर म्हणाली, "जेव. आता नाई बलावत मी तुले."

त्यानं जेवण केलं नाही. खिशातून मोबाइल काढून दिव्याला वेळ लावून दिली, सातला लागायचं, साडेदहाला विझायचं. बटनाला आता हात लावायचं काम नाही, असं तिला खुणेनं सांगितलं. आणि तिचा हात सवयीनं जाईलच म्हणून शाळेतून आणलेली चिकटपट्टी बटनावर आडवी मारली. वर मोबाइलवर त्या दिव्याचे येणारे निरोपही बंद करून टाकले. घरी येऊन सरिताला म्हणाला, चला, एक कटकट मिटली.

ऑक्टोबरात सोयाबीन काढणीच्या ऐन गर्दीत माय गेली. अर्ध्या अंगावरून वारं गेलं असं डॉक्टर म्हणाले. शुक्रवारी संध्याकाळी कधीतरी झालं असावं. सापडली ती सोमवारी सकाळी. मधले दिवस तिच्या दारावर दिवा वेळेवर लागत होता, वेळेवर विझत होता. गल्लीतल्या बाया पहाटे शेतात जायच्या, अंधार पडल्यावर परत यायच्या, दिवा बघायच्या आणि केशरबाई आहे म्हणून आपापल्या घरात शिरायच्या.

एवढं सगळं नरेंद्रला माहीत होतं. यापुढचं त्याला त्या शनिवारी कळलं.

तो पोचला तेव्हा चार वाजले होते. घर उघडलं तर आत बंद घराचा, जुन्या कपड्यांचा आणि उंदरांचा वास. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली फळीवर विझलेल्या मेणबत्तीचं मेण थेंब थेंब गोठलेलं. त्यानं वाकळी काढल्या, बाहेर झटकल्या. तेवढ्यात समोरच्या मनकर्णाबाई आल्या. मायच्या बरोबरीच्या, चाळीस वर्षांचा शेजार. जात वेगळी, देव वेगळे, पण भांड्याची देवाणघेवाण रोजची. त्या उंबऱ्यावर बसल्या, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि मग हळूच विषयावर आल्या. तुमच्यात दहावं-तेरावं नसतं ते मला माहीत आहे बाबू, म्हणाल्या, पण कुठं जरा पाणी, घास... या घरात काही तरी राहिलंय.

नरेंद्र म्हणाला, "काकू, असं काई केलं त मायच येऊन मले मारन."

आणि ते खरंच होतं. केशरबाईनं सासरी आल्या आल्या घरातले देवांचे उरलेसुरले टाक नदीत सोडले होते. गल्लीत कोणाच्या अंगात आलं की ही पाण्याचा तांब्या घेऊन जायची, अंगावर ओतायला. भूत, भानामती, उतारा ही नावं तिच्यासमोर काढायची सोय नव्हती. ती स्वतःच भूत होऊन आली असती, तर तिनं आधी स्वतःलाच दोन शिव्या घातल्या असत्या.

मनकर्णाबाई यावर हसल्या नाहीत. बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "नरू, एक गोष्ट हाय. सांगू का नोको, असं झालं मले."

"सांगा ना."

"त्या शुक्करवारी म्या दिवा पाह्यला होता. बंद होये, चालू होये. बंद होये, चालू होये. जेवण झालं, भांडे घासले, तरी चालूच. मले वाटलं... तू तिकून फोनवरून करून राह्यला. पह्यले नाई का तू सगळ्यायले करून दाखवलं होतं? म्हटलं, मायलेकाचा खेळ चालू हाय. अन् जाऊन झोपली मी."

मनकर्णाबाई डोळे पुसत उठून गेल्या. नरेंद्र पुढच्या खोलीत आला आणि बटनासमोर उभा राहिला. पट्टी एका बाजूनं सुटून लोंबत होती. सव्वा महिन्यात तो या खोलीतून शंभर वेळा आला-गेला असेल, लोकांच्या गर्दीत ती त्याला दिसलीही असेल. पण आज त्यानं पाहिली. पट्टीच्या कडेला आणि बाजूच्या चुन्यावर नखांचे ओरखडे होते, खालून वर गेलेले. बाजेवर आडवं पडून, एकच हात चालत असलेल्या माणसाचे.

त्यानं मोबाइल काढला. निरोप बंद केले तरी त्या दिव्याची सगळी नोंद आत राहते, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं शुक्रवार शोधला. सात वाजून बावीस मिनिटं, दिवा संपर्काबाहेर, म्हणजे बटनावरून बंद. सात तेवीस, संपर्कात. पुन्हा संपर्काबाहेर. पुन्हा संपर्कात. दोनदा. मग थोडी उसंत. मग दोनदा. मग दोनदा. खाली खाली बोट सरकवत तो वाचत गेला. नऊ वाजून चाळीस मिनिटांपर्यंत. मधली उसंत वाढत गेलेली, शेवटी शेवटी पंधरा-पंधरा मिनिटांची.

त्या वेळी तो कुठे होता, तेही त्याला आठवलं. शाळेतल्या एका सरांचा निरोपसमारंभ होता. मोबाइल समोर टेबलावर ताटाशेजारी होता, आणि हा कोणाच्या तरी विनोदावर खदखदून हसत होता.

मायच्या बाजेवर बसून तो रडला. आवाज करून रडला. पेपर काय, पुढच्या आठवड्यातही तपासले असते. एक ताट भाजी खाल्ली असती तर काय बिघडलं असतं? आणि वाशीमला घेऊन जातो, घेऊन जातो म्हणून किती वर्षं टाळलं. वरची खोली झाली की नेतो. मुलांची परीक्षा झाली की नेतो. नवीन घर बांधून सहा वर्षं झाली होती, आणि माय त्या घरात पाहुण्यासारखी तीनदा येऊन गेली होती. रडता रडताच त्यानं मोबाइलवरचे निरोप पुन्हा सुरू केले. काही उपयोग नव्हता. तरी केले.

बाहेर दिवस बुडाला होता. गल्लीत कोणाच्या तरी गोठ्यात गाय हंबरली आणि थांबली. उघड्या दारातून अंगणातला काळोख हळूहळू आत येऊन उंबऱ्यापाशी बसला. दिवा काढून निघायला हवं, हे त्याला कळत होतं. पण उठवत नव्हतं.

सातला दारावरचा दिवा लागला. पिवळा उजेड उंबऱ्यावरून खोलीत अर्ध्यापर्यंत आला, त्याच्या पायांपर्यंत. रोजचंच. वेळ लावलेली होती.

मग उजेड गेला.

लाइन गेली असेल, त्यानं मनाशी म्हटलं. पण मनकर्णाबाईच्या घरात दिवा होता. कोपऱ्यातलं इंटरनेटचं डबडंही हिरवं लुकलुकत होतं. हातातला मोबाइल थरथरला. दिवा संपर्काबाहेर. उजेड परत आला. पुन्हा गेला. पुन्हा आला.

दोनदा.

नरेंद्रनं बटनाकडे पाहिलं. बटन त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होतं, आणि जागचं हललेलं नव्हतं. कुठेतरी तार सैल झाली असेल... त्यानं हात वर नेऊन बटनावर तळवा ठेवला, घट्ट दाबून धरला. तळव्याखाली बटन थंडगार. आणि तळवा तसाच असताना उजेड पुन्हा गेला. खोलीत नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा वास आला. फळीवर पेटवलेली मेणबत्ती नव्हती, महिनाभरात कोणी पेटवलीच नव्हती.

"माय..." त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "माय, मी आलो. हे पाह्य, मी आलो ना..."

उजेड आला, गेला, आला. त्याचं बोलणं कुणाच्या कानापर्यंत पोचत असल्याची काही खूण नव्हती. मग एकदा उजेड आला तो राहिला. पाच मिनिटं झाली, दहा मिनिटं झाली. दिवा शांतपणे जळत होता. वास विरून गेला. खोली एकदम नुसती खोली झाली, माणूस उठून गेल्यावर होते तशी. नरेंद्रला भीती वाटत होती, पण तिच्याखालून थोडंसं बरंही वाटत होतं. कळलं तिला, तो म्हणाला, मी आलोय ते कळलं. त्यानं डोळे पुसले आणि दिवा तसाच ठेवून जायचं ठरवलं. असू दे लागलेला.

कुलूप लावून त्यानं वाकळी बांधल्या, गाडीला किक मारली. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना तुरीची उभी शेतं आली, थंडी कानांत शिरू लागली, तेव्हा खिशात मोबाइल थरथरला.

त्यानं गाडी कडेला घेतली. आसेगावच्या दिव्याचा निरोप असेल असं त्याला वाटलं. तो तसा नव्हता. वाशीमच्या घराचा होता. बैठकीचा दिवा, संपर्काबाहेर. बघता बघता दुसरा आला. संपर्कात. संपर्काबाहेर. संपर्कात.

त्यानं सरिताला फोन लावला. मागे अंजूच्या घरातला गलका ऐकू येत होता, मुलं, कुकरची शिट्टी. सरिता म्हणाली, "आमी त कवाच आलो इकडं. घराले कुलूप हाय. काहून?"

"घरी कोनीच नाई?"

"अवो, कुलूप हाय म्हनते ना. झालं काय?"

त्यानं काय झालं ते सांगितलं नाही. चावी घेऊन घरी ये, एवढंच म्हणाला, मुलांना अंजूकडेच राहू दे. आणि गाडी सोडली. मोबाइल खिशात मांडीला लागून थरथरत होता. दोनदा, मग उसंत, मग दोनदा. वाटेत एका ठिकाणी त्याला वाटून गेलं की तो मायच्या घरात बसून तिची वाट पाहत होता आणि माय त्याच्या घरी निघून आली होती, इतकी वर्षं यायचं होतं त्या घरी. तिथे कोणीच नव्हतं, कुलूप होतं. पुन्हा चुकामूक झाली होती. आता उसंत वाढत चालली होती, हे त्याला मोजल्याशिवायही कळत होतं. पाच मिनिटं. आठ मिनिटं. त्यानं गाडी अजून पळवली.

कॉलनीत शिरला तेव्हा आठ वाजून गेले होते. शेजारी टीव्ही चालू होते, कुणीतरी अंगणात गाडी धूत होतं. सगळं नेहमीचं. त्याच्या घराच्या बैठकीत दिवा लागलेला होता, पडद्याच्या फटीतून उजेडाची रेघ बाहेर फरशीवर पडली होती. सरिता फाटकापाशीच उभी होती, चावी हातात. ती आत गेली नव्हती.

"मघापासून पाहून राह्यली मी," ती अगदी हळू म्हणाली. "आतमंधी कोनीतरी हाय. दिवा बंद-चालू होते..."

"खोल."

तिनं कुलूप काढलं, कडी सरकवली, दार ढकललं. दार हललं नाही. तिनं खांदा लावला. मग मागे सरून नवऱ्याकडे पाहिलं.

"आतून कडी हाय..."

मागचं दार आतून लावून, हे कुलूप स्वतःच्या हातानं घालून सरिता गेली होती. खिडक्यांना जाळ्या होत्या. नरेंद्रनं दारावर थाप मारली. एकदा मारली, आणि त्याचं त्यालाच उमगलं की थाप मारून काय होणार. आतल्या माणसाला ऐकू येत नाही. हाका मारून, रडून, मी आलो म्हणून सांगून काही पोचणार नाही. तिला दिसतं, तेवढंच.

त्यानं मोबाइल काढला. बैठकीच्या दिव्यावर बोट ठेवलं. दिवा विझवला, लावला. विझवला, लावला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं मायला दोनदा करून बोलावलं.

पडद्यामागचा उजेड स्थिर झाला. कॉलनीतले आवाज चालूच होते, पण त्यांच्या दारापाशी अगदी शांत झालं होतं. मग दाराच्या पलीकडून, जमिनीच्या बाजूनं, काहीतरी सरपटत आल्याचा आवाज आला. थांबत थांबत. एका हाताच्या जोरावर येणाऱ्या माणसासारखा. दारापाशी येऊन तो थांबला. बराच वेळ लाकडावर नखं घासत राहिली, खालून वर, खालून वर. आणि मग आतली कडी सरकली.

सरितानं त्याचा दंड घट्ट धरला.

दार आता नुसतं लोटलेलं होतं. फटीतून उजेड येत होता आणि मेणाचा वास. बोटानं ढकललं असतं तरी उघडलं असतं. नरेंद्रनं हात पुढे केला, पुन्हा मागे घेतला, पुन्हा पुढे केला. आतून दिवा विझला, लागला. विझला, लागला. तो हात पुढे करून तसाच उभा राहिला, आणि दार ढकलणं काही त्याच्यानं होईना.